गेनभाऊचा इंटरनॅशनल बिझनेस

आमचा शेजारी गेनभाऊ तोंडानं आकडा बोलत नाही. त्याला किती वाजले विचारा. तो खांद्यावरचा टॉवेल काढणार, तुमचा हात त्याखाली ओढणार आणि बोटं दाबणार. चार बोटं दाबली की चार वाजले. साडेचार असतील तर पाचव्या बोटाला नुसतं नख लावणार. एकदा आळेफाट्याच्या नव्या डॉक्टरनं त्याला वय विचारलं. गेनभाऊनं लगेच टॉवेल काढून डॉक्टरचा हात धरला. पेशंटच आपली नाडी का बघतोय, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

हे खूळ त्याला धंद्यानं लावलं. गेनभाऊ हेडी आहे, म्हणजे बैलांच्या सौद्यातला मध्यस्थ. बेल्ह्याच्या बैलबाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधोमध उभं राहायचं, टॉवेलाखाली आधी एकाची बोटं दाबायची, मग दुसऱ्याची, आणि शेजारच्याला भावाचा वासही लागू द्यायचा नाही, हे काम त्यानं जन्मभर केलं. भाव तोंडातून बाहेर पडला की सौदा मेला, असं त्याचं म्हणणं. असेल. पण दुधाच्या पिशव्या किती हव्यात हे सांगायला जो टॉवेल काढतो, त्याला मी शहाणा म्हणणार नाही.

मी इथल्या हायस्कुलात छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ढ पोरगं मला वर्गात शिरतानाच ओळखू येतं. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी गेनभाऊ माझ्या ओट्यावर येऊन, "सर, फारम भरायचाय. इंटरनॅशनल बिझनेसचा. घरबसल्या, ऑनलाइन," असं म्हणाला, तेव्हा मी आधी पोटभर हसून घेतलं.

"ह्या वयात?" मी विचारलं.

त्याचा हात टॉवेलाकडं गेला.

"राहू द्या. वय मला माहीत आहे," मी म्हणालो.

दक्षिणेकडच्या कुठल्याशा संस्थेचा तो डिप्लोमा. बारावी पास एवढीच अट. गेनभाऊ बारावी झालेला आहे हे मला त्या दिवशी कळलं. सर्टिफिकेट त्यानं पेंडीच्या पोत्याखालून काढून आणलं होतं आणि त्याला वासही तसाच येत होता. फॉर्म भरता भरता एक रकाना आला : हा अभ्यासक्रम आपण का करू इच्छिता, दीडशे शब्दांत लिहा.

"लिवा, गरज हाय," गेनभाऊ म्हणाला.

"अहो, दीडशे शब्द हवेत."

"मंग लिवा, लई गरज हाय."

मी काय त्याचं ऐकतो? जागतिक बाजारपेठ, ग्रामीण मध्यस्थ आणि उद्याची आव्हानं यांवर मी इंग्रजीत असा काही परिच्छेद लिहिला की त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेतली. गेनभाऊनं तो उलटा धरून पाहिला आणि "अक्षर चांगलं हाय" एवढीच दाद दिली.

प्रवेश मिळाला आणि गावाची शांतता गेली. फाट्यावरच्या हॉटेलात चहा बशीत सांडला की गेनभाऊ मान हलवणार : "इंटरनॅशनलमंदी असं न्हाई चालत, राव." एसटी उशिरा आली, इंटरनॅशनलमंदी असं न्हाई चालत. लग्नात पंगतीला जिलबी कमी पडली, तरी तेच. ग्रामसभेत सरपंचानं नळाच्या पाण्याचं काही सांगायला तोंड उघडलं तर मागून हा आवाज. सरपंच वैतागून म्हणाला, "गेनभाऊ, इंटरनॅशनलमंदी नळ कवा येतो ते इचारून सांगा, तवर मला बोलू द्या." सगळे हसले. मीही हसलो, आणि जरा जोरातच हसलो.

वर्ग संध्याकाळी सहाला भरायचा, गोठ्यात. कारण रेंज गोठ्यात चांगली, असं गेनभाऊ म्हणे. गव्हाणीच्या कडेला वीट ठेवून तिला मोबाईल टेकवलेला, समोर पोत्यावर गेनभाऊ, आणि त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावणारा हौशा नावाचा बैल. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी विचारलं म्हणे, की आपल्या मागं कोण बसलं आहे? गेनभाऊनं ओळख करून दिली. पुढं हजेरी घेताना वर्गातली पोरं हौशाचंही नाव पुकारायला लागली. गेनभाऊला त्यात थट्टा दिसलीच नाही. "इंटरनॅशनलमंदी जनावराला बी मान हाय," हे मला ऐकवलं.

प्राध्यापकांची विद्वत्ता त्यानं कशावरून जोखली असेल? दातांवरून, बैल जोखतात तशी. "मास्तर पुरा जुळल्याला हाय, समदं दात आल्यात, पर झिजल्यालं न्हाईत. अजून लई नांगर वढंल." मला तो काय समजत असेल, या विचारानं मी त्याच्यासमोर हसताना तोंडावर हात धरू लागलो.

पण खरी शोभा झाली ती वाटाघाटीच्या तोंडी परीक्षेत. दोघादोघांनी खोटा सौदा करून दाखवायचा होता. गेनभाऊ खरेदीदार, आणि समोर सुरतचा एक तरुण कापड विकणारा. त्या पोरानं नम्रपणे विचारलं, सर, आपण काय भाव द्याल? झालं! गेनभाऊनं टॉवेल मोबाईलवर टाकला, खाली हात घातला आणि काचेवर बोटं दाबू लागला. वर्गाला आधी अंधार दिसला, मग अंगठा. दाबता दाबता त्यानं माईक बंद केला, मग कॅमेरा बंद केला आणि शेवटी स्वतःलाच वर्गाबाहेर घालवलं. मी गोठ्याच्या दारातून हे सगळं पाहत होतो. असली करमणूक मी सोडत नाही.

"सौदा झाला, सर," तो कपाळ पुसत म्हणाला.

"कसला झाला? शून्य मार्क पडतील."

"पोरगं गप झालं की. म्हंजी पटलं त्येला."

"अहो, आकडा बोलायला काय झालं होतं?"

"चारचौघात?" असं म्हणून त्यानं माझ्याकडं इतक्या कीव आलेल्या नजरेनं पाहिलं की जणू शून्य मार्क मलाच पडणार होते. चारचौघात हा शब्द त्याला चालतो, त्यातला चार तो आकड्यात धरत नाही, हेही मी त्या दिवशी शिकलो.

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झाला नाही तो चारचा फोन. रोज दुपारी चार वाजता गेनभाऊ आपल्या ओट्यावर येऊन बसायचा आणि तळेघरला मुलीला फोन लावायचा. तोही असा ओरडून, की मोबाईल नसता तरी चाललं असतं. "शितल, ह्ये लेटर ऑफ क्रेडिट म्हंजी काय गं?" पलीकडून ती समजावून सांगायची. हा "हां, हां, आलं ध्यानात" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा : "शितल, त्ये कालचं लेटर ऑफ क्रेडिट इसरलं बघ." असं सलग आठ दिवस. भिंतीच्या अलीकडं बसून मला ते पाठ झालं, हौशालाही झालं असेल, पण गेनभाऊच्या डोक्यात शिरेना.

शीतल त्याची एकुलती एक. ती दहावीत असताना तिची आई गेली. माझ्या हाताखाली शिकलेली, आणि मी सहसा कुणाला म्हणत नाही, पण हुशार. कॉलेज झाल्यावर हाच इंटरनॅशनल बिझनेसचा डिप्लोमा तिनं घरबसल्या सुरू केला होता. पहिली परीक्षा झाली आणि गेनभाऊनं तिचं लग्न ठरवलं. कुठं ठरवलं? बैलबाजारात. तळेघरचं एक जुनं गिऱ्हाईक, भाताची शेती, मुलगा घोडेगावच्या रस्त्याला जीप चालवणारा. त्यानं मुलीला मागणी घातली आणि गेनभाऊनं उभ्या उभ्या शब्द दिला. घरी येऊन तिला नुसतं सांगितलं. फाट्याजवळची शिकलेली पोर डोंगरात, जिथं दिवसाला मोजक्या एसट्या जातात तिथं दिली, म्हणून गाव आठवडाभर बोललं. मीही बोललो. सासरच्यांनी शिकलीस तेवढं पुरे म्हटलं आणि तिचा डिप्लोमा तिथंच थांबला. तळेघरला घरात रेंज धड टिकत नाही. बापाचा फोन घ्यायला ती चार वाजता टेकाड चढून जायची आणि तिथं उभी राहून या दगडाला शिकवायची.

एकदा मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हणालो, "गेनभाऊ, त्या पोरीला कशाला दमवता? मी रिकामाच आहे. या माझ्याकडं, महिन्याभरात सगळं समजावतो."

"तुमी नको, सर," तो म्हणाला. "शितल सांगती."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं परत पाठवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याला सोडला नाही. निकाल लागला की मी मुद्दाम फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन चारचौघांत विचारायचो, "काय गेनभाऊ, किती विषय गेले?" तो हसून टॉवेल काढायचा. जेवढे विषय तेवढी बोटं. दरवेळी सगळेच जायचे. दर परीक्षेला मात्र हा पांढरीशुभ्र टोपी घालून, कपाळाला बुक्का लावून मंचरकडं निघायचा आणि संध्याकाळी पेढे खाल्ल्यासारखा चेहरा करून परत यायचा. नापास होऊन एवढा खूश राहणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. त्याला अक्कल नाही, असंच मी धरून चाललो.

यंदाच्या उन्हाळ्यात शेवटचा पेपर आला. आदल्या दिवशी गेनभाऊ माझ्या ओट्यावर आला. चेहरा उतरलेला. "सर, ह्या खेपेला न्हाई झालं तर नाव कटतंय. मुदत संपली."

"मग अभ्यास करा."

"त्यो झालाय. तुमी उद्या संगं चला. गाडी लागंल आन माणूस बी जादा लागंल."

माणूस जादा कशाला, हे मी विचारलं नाही. तो नापास होताना डोळ्यांनी पाहायला मिळणार, एवढं मला पुरेसं होतं. मी गाडी धुऊन ठेवली.

परीक्षा अवसरी खुर्दच्या रस्त्याला एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होती. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी शीतल उभी होती, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. पहाटेच्या पहिल्या गाडीनं घोडेगाव, तिथून मंचर, आणि तिथून वडापच्या जीपनं आलेली. मला पाहून ती वाकली. मी म्हटलं, "बापाला पोचवायला एवढ्या लांबून आलीस?"

"घरी तसंच सांगते, सर. अण्णांना कॉम्प्युटर जमत नाही, सोबत जाते म्हणून."

आणि तिनं पिशवीतून हॉल तिकीट काढलं. त्यावर फोटो तिचा होता आणि नावही तिचं.

बाळ तिनं गेनभाऊच्या हातात दिलं आणि "सरांकडं देऊन तुम्ही या मागून," म्हणाली. दारावरच्या माणसानं तिकिटावर शिक्का मारला आणि ती आत गेली. मी मूर्खासारखा बघत राहिलो. गेनभाऊच्या सदऱ्याच्या खिशातून दुसरं एक हॉल तिकीट डोकावत होतं. ते त्याचं. त्याच पेपरचं आणि त्याच वेळेचं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"पोरीला कोन सांबाळणार?" त्यानं नातीकडं बोट दाखवलं.

"याआधी नात नव्हती. तेव्हा काय करत होता?"

"बसायचो की हितंच. त्या लिंबाखाली. तिची खोली येगळी, तिला कुटं दिसतंय?"

आम्ही त्या लिंबाखाली बसलो. मला संताप आला होता, पण नक्की कुणाचा ते ठरवता येईना. मी शिक्षकी आवाज काढला. "गेनभाऊ, लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय? सांगा बघू."

त्यानं बाळाला मांडीवर नीट घेतलं. "सोपं हाय, सर. घेणारा परक्या मुलखातला, इकणारा आपल्या. कुनाचा कुनावर इस्वास न्हाई. घेणाऱ्याची बँक मधी पडती. म्हनती, ठरल्यापरमानं माल धाडल्याचा कागद दावा, पैसं मी देते. पर बँक बैल बघत न्हाई, निस्ता कागद बघती. कागदात चूक निघाली की बैल किती बी देखणा आसंना, पैसं अडकलं. लोकं तितंच फसत्यात."

इतकं स्वच्छ मला सांगता आलं नसतं. आठ दिवस ऐकूनही मला बँक फक्त कागद बघते हे कळलेलं नव्हतं.

"सगळं येतंय तुम्हाला. मग तिला रोज तेच तेच का विचारत होता?"

त्यानं नातीचं टोपडं सारखं केलं. मग नातीकडंच बघत म्हणाला, "मी शबूद देऊन बसलो, सर. तिला इचारलं न्हाई. नांदाय गेली आन माझ्यासंगं बोलायची बंद झाली. फोन उचलायची, आन सासूच्या हातात द्यायची. घरात मी आन हौशा. वरीस गेलं तसं. मंग तुमाकडून त्यो फारम भरला. तिला फोन लावला, म्हनलं, सुरवातीचंच पान कळंना बघ. लई वेळ गप व्हती. मला वाटलं, ठिवला फोन. तर म्हनली, वाचून दाखवा."

"आणि तिची परीक्षा?"

"मला सांगायला तिनं आपली पुस्तकं काडली की पेटीतनं. बापाला शिकवती म्हनल्यावर घरातलं कोन काय बोलणार? मीच म्हनलं, तुजं बी नाव हाय अजून, तू बी देऊन टाक, मला सोबत व्हईल. आजवर सगळं इषय निघालं तिचं. ह्यो राहिला. आज सुटला न्हाई तर तिचं नाव कटतंय."

मी त्याला तीन वर्षं हसलो होतो, भर हॉटेलात हसलो होतो, आणि तो मला हसू देत होता. माझी मलाच लाज वाटली. दारावरचा माणूस घड्याळ बघत होता.

"द्या तिला इकडं," मी बाळाकडं हात पुढं केले. "अजून दार उघडं आहे. मी सांभाळतो. आज तिचं संपतंय ना? मग आता तुम्ही पास व्हायला काय हरकत आहे? जा आत."

गेनभाऊ उठला नाही. "तिचं संपतंय म्हनून तर," तो म्हणाला. "मी नापास हाय तवर फोन हाय, सर."

थोड्या वेळानं दार बंद झालं. बाळ रडायला लागलं, तेव्हा आम्ही दोघांनी आळीपाळीनं त्याला खांद्यावर घेऊन लिंबाभोवती फेऱ्या मारल्या. मी त्याला इंग्रजी कविता म्हणून दाखवली, तर ते आणखी रडलं. गेनभाऊनं बैलाला चुचकारतात तसा आवाज काढला आणि ते झोपलं.

तीन तासांनी शीतल बाहेर आली. चेहऱ्यावरूनच कळत होतं. "छान गेला, सर," ती मला म्हणाली, आणि लग्नानंतर माझ्यासमोर पहिल्यांदाच ती शाळेतल्यासारखी हसली. मग बापाकडं वळली. "अण्णा, तुमचा?"

"गेला बघ ह्यो बी," गेनभाऊ तोंड पाडून म्हणाला. "समदं पाठ व्हतं, आत गेल्यावर कायबी आठवंना."

शीतलनं त्याच्या खिशातलं हॉल तिकीट ओढून काढलं. उघडलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. त्यावर शिक्का नव्हता. ती किती वेळ त्या कागदाकडं बघत होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी दुसरीकडं बघत होतो. मग तिनं तो कागद घडी करून पुन्हा त्याच्या खिशात ठेवला, वरून हातानं नीट दाबला आणि बाळाला घेतलं.

"अवघडच होता पेपर," ती म्हणाली. "उद्या चारला फोन करा. पहिल्या धड्यापासून घेऊ."

"बरं," गेनभाऊ म्हणाला. "पर सावकाश सांग. माज्या डोक्यात लवकर शिरत न्हाई."